बारकूनं घेतलेली मुकी पेटी

लिही गं सुषमा, मी सांगते तसं. माझा भाऊ बारकू लय मायेचा. बारवीकडच्या आमच्या पाड्यावर त्याची एकट्याचीच पिकअप, जुनी, चारी चाकांना जोर लागणारी. तो जोर वाटून देणारी ट्रान्सफरची पेटी फुटली, म्हणून दुसरी बघायला उल्हासनगरला गेलो. बायको भिकी संगती, मीपण.

दुकानातल्या सिंधी चाचानं दोन पेट्या दाखवल्या. "बारकू, ये भारीवाली ले. आवाज करेगी, पर इसमें लो गियर है, कितना भी चढाव हो, चढेगी. दुसरी चुप चलती है, पर उसमें लो नहीं."

भिकी म्हणाली, "नको बाय ती! रोज भाजी घेऊन बदलापूरला जायचं मला, डोकं उठतं त्या बोंबलण्यानं."

बारकू हसला. "राणीसरकारचा हुकूम!" आणि मुकी पेटी घेतली.

गाडी हाय म्हणून पाड्यानं आजारी माणसं न्यायच्या डोलीचे बांबूपण काकडीच्या मांडवाला लावले.

श्रावणात भरदुपारी भाताच्या खाचरात भिकीला साप चावला. बारकूनं तिला गाडीत घातली. पाड्याबाहेरचा रोजचा चढ, पण पावसानं नुसता चिखल; अर्ध्यात इंजिनाचा दम सुटला, गाडी मागं सरकली. तीनदा तसंच झालं. मग पोरं मांडव तोडायला धावली. डोली बांधून होईस्तो भिकी बारकूच्या मांडीवरच गेली.

आता त्यानं ती भारी पेटी बसवलीय. गाडी लांबून बोंबलत येते. परवा मी त्याच्या बाजूला बसायला गेले, तर म्हणतो, "आक्का, तू मागं बस. इथं आवाज लय येतो."