मीठ घातलेला बर्फ
कुल्फीवाल्याने पेटीचं झाकण उघडलं की जो खारट, ओलसर वास येतो, त्याने मला अजून रामनगरचा पूल आठवतो. करोनातून उठलेल्या काकांच्या नाकात काळी बुरशी शिरली होती आणि उजव्या डोळ्याकडे निघाली होती. बनारसभर न मिळालेली तिच्यावरची इंजेक्शनं मला रामनगरला मिळाली. दुकानदाराने बजावलं, "ठंडा रखिएगा, बस जमने मत दीजिएगा." कुठलंही वाक्य अर्धंच ऐकायची माझी जुनी खोड. परतीच्या पुलावर लूचा गरम वारा भाजत होता, म्हणून तिथल्या ओळखीच्या कुल्फीवाल्याची बर्फाची पेटी मागून घेतली. तो म्हणाला, "भइया, नमक डाल दें? पत्थर हो जाएगा." मी म्हटलं, "दिल खोलकर डालो." वॉर्डात पेटी अशा थाटात ठेवली, जणू गंगा मीच आणली. नर्सने एक बाटली उलटी केली, तर आतलं पिवळं औषध हललंच नाही. "आप तो कुल्फी बना लाए," ती म्हणाली आणि सगळ्या बाटल्या बाजूला सारल्या. दुसऱ्या मिळायला तीन दिवस लागले. तोवर बुरशी डोळ्यात पोचली होती. जीव वाचवायला डॉक्टरांनी डोळा काढला. काकांनी मला कधी बोल लावला नाही. उलट पाहुणे आले की तेच म्हणतात, "तो कुल्फीचा किस्सा सांग रे, तू छान सांगतोस." मी सांगतो, बाटली उलटी होईपर्यंत. सगळे हसतात, काकाही. मी मात्र नेहमी त्यांच्या उजव्या हाताला बसतो. तिकडून त्यांना माझं तोंड दिसत नाही.