बाकावरची जागा

मी लेकीकडे कॅनडात आले की शेजारचे रॉन अंगणातल्या बाकावर बसलेले दिसतात. तरुणपणी ते व्यावसायिक आइस हॉकी खेळत. बर्फावर डाव्या कडेनं सुसाट जाणारे विंगर होते. डोक्याला इतके मार बसले, की आता बायकोचं नावही आठवत नाही.

परवा बायको दुकानात गेली होती आणि बर्फ पडायला लागला. मी जाऊन म्हटलं, "चला, आत चला." ते हलले नाहीत. ओठ निळे पडत चालले होते.

"आई, ते हाकेनं उठत नाहीत," लेक खिडकीतून ओरडली. "खांद्यावर थाप मार. खेळायची पाळी आली की त्यांचा कोच तसाच उठवायचा."

या खेळात म्हणे जेमतेम मिनिटभर खेळायचं आणि परत येऊन बाकावर दम घ्यायचा. दमलेला एका टोकाला बसतो, बाकीचे पुढे सरकतात. म्हणजे कारकिर्दीतला बहुतेक वेळ बाकावरच गेला. मारलेले गोल विसरले, वाट पाहणं तेवढं अंगात राहिलं.

मी शेजारी बसले. थाप मारणार, तेवढ्यात ते माझ्याकडे सरकले आणि पलीकडच्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाले, "छान खेळलास. बस."

मी थाप मारली. ते तटकन उठले आणि ताठ चालत घरात गेले.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. थंडीही मरणाची होती. तरी मी आधी थोडी सरकून जागा केली, मगच उठले.