बुडालेला माणूस कुठल्या खात्याचा?

मी मामलेदार कचेरीत नवा कारकून होतो. नुकतीच जिल्हा परिषद आली होती. कुठलं काम कोणाकडे गेलं ते आम्हालाच उमगत नव्हतं. मालवणच्या बाजारात मासे विकणारी एक बाई नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मागायला आली. टोपली पायरीवर ठेवून, ओले हात लुगड्याला पुसत ती उभी राहिली. नवरा होडीसकट बुडाला होता, प्रेत मिळालं नव्हतं. ग्रामपंचायतीने तिला बंदर खात्याकडे, त्यांनी पोलिसांकडे, पोलिसांनी आमच्याकडे धाडलं होतं. मी पुन्हा ग्रामपंचायत सांगितली.

ती शांतपणे म्हणाली, "माजो घोव खंयच्या खात्यात बुडलो, तेवढां तरी माका सांगा."

मी तिचा अर्ज लिहायला घेतला. ती बाजार उरकून परतली तेव्हा मजकूर पुरा झाला होता. 'प्रति'पुढची जागा मात्र कोरीच होती.