तिन्ही वेळा १८२.४

तिसऱ्या रिपोर्टवरही १८२.४ हाच आकडा दिसला आणि माझं डोकं फिरलं.

प्रज्ञा माझी पीएचडीची विद्यार्थिनी. मढ नावाच्या आडगावची. वडील पाण्याच्या जळलेल्या मोटारी रिवाइंडिंग करून देतात, घरातली एवढं शिकलेली ती पहिलीच. मी नारायणगावजवळच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवते. आमचं काम म्हणजे टीबीचं औषध, इंजेक्शनने देता येईल असं, पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कणांत भरायचं. हे पॉलिमर एक प्रकारचं प्लॅस्टिकच, पण शरीरात हळूहळू विरून जाणारं. ते विरेल तसं औषध बाहेर येतं, म्हणजे पुढेमागे पेशंटला रोज गोळ्या घ्यायला नकोत. सगळी मदार कणाच्या मापावर. केसाच्या जाडीचे पाचशे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा कण हवा. कण चिकटून गुठळ्या झाल्या तर त्या बारीक रक्तवाहिनीत अडकायच्या.

माप घेणारं मशीन आमच्याकडे नव्हतं. प्रज्ञा थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून सॅम्पल एसटीने पुण्याच्या एका खासगी लॅबला नेऊन द्यायची. कणाचं माप लिहिलेला रिपोर्ट तिच्या मेलवर यायचा. हे मशीन लेसरचा उजेड टाकून कण मोजतं. एकच सॅम्पल लागोपाठ तीनदा मोजलं तरी आकडा थोडा इकडेतिकडे होतो. इथे तर बॅच तीन आणि आकडा एकच. शिवाय तिसऱ्या बॅचच्या तळाशी साका बसलेला मी स्वतः पाहिला होता, म्हणजे तिथले कण चिकटून मोठे झाले असणार.

माझा स्वभाव मुळात संशयी. भाजीवालीने कोथिंबीर फुकट दिली तरी मी जुडी उलटी करून बघते. मी ठरवूनच टाकलं, पोरगी रिपोर्टवरचे आकडे बदलतेय. थिसिसची मुदत तोंडावर आली होती, तेव्हा कारणही समजण्यासारखं होतं. बोलावून विचारलं. ती कॉलेजची भाषा सोडून बोलली.

"मॅडम, मला आकडे बनवायचेच असते तर येगयेगळे नसते का बनवले? तेवढी अक्कल हाय मला."

उत्तर बिनतोड होतं. मला मात्र ते उद्धटपणाचं वाटलं. मी प्राचार्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, पुरावा द्या, तिचं रजिस्ट्रेशन रद्द करायला लावतो.

पुरावा मी तयार करायचं ठरवलं. घरून चिमूटभर तांदळाचं पीठ नेलं, पाण्यात ढवळलं, बाटलीत भरलं, वर 'बॅच चार' लिहिलं आणि ही बॅच मी बनवलीय असं सांगून बाटली प्रज्ञाकडे दिली. पिठाचा कण आमच्या कणाहून कितीतरी पट मोठा. रिपोर्टची एक प्रत माझ्याही मेलवर पाठवा, असं लॅबला परस्पर फोन करून सांगितलं. माझ्या प्रतीत हजारांतला आकडा किंवा 'माप नाही' असा शेरा आणि तिच्या प्रतीत १८२.४ आला, की चोर सापडला. ती बिचारी ते पीठ बर्फात ठेवून, डबा मांडीवर घेऊन, दोन एसट्या बदलून पुण्याला गेली.

दोन दिवसांनी माझ्या मेलवर रिपोर्ट आला. तांदळाचं पीठ, १८२.४.

मी स्वतः लॅबमध्ये गेले आणि माझ्यासमोर मशीन चालवून दाखवा म्हणाले. ऑपरेटर आधी चहाचं विचारत राहिला. मग म्हणाला, "लेसर गेलाय, मॅडम. पार्ट यायचाय. तुमच्या पहिल्या बॅचला एवढंच आलं होतं, म्हटलं पुढेही तेवढंच येणार."

लॅबच्या लेटरहेडवर मी डोळे झाकून विश्वास ठेवला होता आणि संशय घ्यायला मला मढची पोरगी सापडली. याची मला आजही लाज वाटते. परत येऊन आधी प्राचार्यांना खरं काय ते सांगितलं. मग प्रज्ञाला समोर बसवून पिठासकट सगळं सांगितलं आणि माफी मागितली. ती फक्त "बरं" म्हणाली.

थिसिस सहा महिने लांबली. तिने तिन्ही बॅच पुन्हा बनवल्या, वर आणखी एक नवी. मशीन आपलं आपण चालवू देतील अशी दुसरी लॅब आम्ही शोधली. मी मशीनवर बसले, ती एकेक बाटली हातात देत गेली. चार बॅचचे चार वेगळे आकडे आले, त्यातल्या तीन चांगल्या निघाल्या. पाचवी बाटली घातली तर मशीनने मापच दिलं नाही.

"ही वाया गेली गं," मी म्हणाले.

"न्हाई मॅडम, ते तांदळाचं पीठ हाय." तिने वहीत खूण केली. "म्हटलं, एकदा तुमालाबी तपासून घ्यावं."

तेव्हापासून आमच्या सॅम्पलच्या प्रत्येक खेपेत एक बाटली पिठाची असते. कोणती, ते ती मला सांगत नाही.