डेड स्टॉकमधलं संविधान

कपाटावर जुन्या उत्तरपत्रिका साठतात, तसे आमच्याकडं संविधान दिनाचे किस्से साठलेत. कोणी मागत नाही, टाकवतही नाहीत. अहमदपूरच्या आमच्या शाळेत दरवर्षी आम्ही मास्तरलोक घटना समितीचं नाटक करतो. नाटक वीस मिनिटांचं, किस्से वर्षभर पुरतात! यंदाचे तेवढे सांगतो.

*

भूमिका वाटायला बसलो. हेडमास्तर म्हणाले, "अध्यक्ष मीच."

"हे कोणत्या कलमात हाय, सर?" मी विचारलं.

"कलमं अजून लिहायचीत, गुरुजी. तवर मीच!"

*

गणिताच्या शेख सरांना हैदराबाद संस्थानचा प्रतिनिधी व्हायचं होतं. मी पडलो इतिहासाचा मास्तर. म्हणलं, "सभा भरली तेव्हा आपला मराठवाडा निजामाकडं होता. पहिल्या अंकात तुम्हाला एंट्री न्हाई."

मग सर तालमीला रोज व्हरांड्यात चहा पीत बसायचे. एकदा हेडमास्तर वैतागले, "शेख सर, आत या की!"

"कैसा आऊं, साब? अभी विलीन नै हुआ!"

*

हात वर म्हणजे पाठिंबा, असं ठरलेलं. मूलभूत हक्कांवर घनघोर चर्चा चालू. पीटीच्या बिराजदार सरांनी हात वर केला.

"मंजूर!" अध्यक्षांनी टेबल वाजवलं.

"अहो, काय मंजूर? मला लघवीला जायचंय!"

व्हरांड्यातून आवाज आला, "वो भी मूलभूत हक हय. जाने दो!"

*

शाळेत संविधानाची प्रत एकच. वर्षातून एकदा कपाटाबाहेर येते, हार घालून घेते, परत कुलपात. खिचडी शिजवणाऱ्या कांबळे मावशी दरवर्षी हेडमास्तरांना विचारतात, "सर, दोन दिस द्या की. नात बारावीला हाय, तिला वाचायचंय."

"मावशी, ते डेड स्टॉक रजिस्टरला चढलंय. बाहेर जात न्हाई."

"डेड कसं म्हन्ता वो? जितं हाय की ते!"

पुस्तक काही मिळालं नाही. यंदा मावशी तालमीत येऊन उभ्या राहिल्या. "त्या सभेत बाया न्हवत्या का?"

मी म्हणलं, "होत्या की. पंधरा."

"मंग हितं एकबी कशी न्हाई?"

अध्यक्षांनी टेबल वाजवलं, "मंजूर!" उद्देशिकेची शेवटची ओळ मावशींना मिळाली. मीच मोठ्या अक्षरात लिहून दिली. कागद अरुंद होता. 'स्वतःप्रत' एका ओळीत मावेना. 'स्वतः' वर राहिलं, 'प्रत' खाली आलं. स्वतःप्रत म्हणजे स्वतःलाच, हा अर्थ सांगायचाही राहून गेला. राहतं एखादं.

*

नाटकाच्या दिवशी गटशिक्षणाधिकारी पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत. मावशी माइकसमोर आल्या. 'अंगीकृत' खणखणीत, 'अधिनियमित' त्याहून. मग, "करून स्वतः..." म्हणून थांबल्या. कागद जवळ धरला. "...प्रत अर्पण करीत आहोत!"

टाळ्या! मावशींनी टेबलावरच्या पुस्तकाचा हार अलगद काढून ठेवला, पुस्तक पिशवीत घातलं आणि पायऱ्या उतरू लागल्या.

हेडमास्तर धावले. "मावशी, अहो! शाळेचं हाय ते!"

मावशींनी पाहुण्यांसमोर कागद धरला.

"साहेब, तुमीच वाचा. हितं काय लिव्हलंय? मी स्वतः आले. प्रत घिऊन चालले."