जागा एकच होती

सेमेय शहरातल्या प्रसूतिगृहाखाली तळघरात एक लांबोडकी खोली आहे. पूर्वी तिथे भेटायला येणाऱ्यांचे कोट टांगून ठेवत. पुढे त्याच खुंट्यांवरून तारा गेल्या आणि खाली शहरातल्या सगळ्या दवाखान्यांचे सर्व्हर येऊन बसले. त्या खोलीत सर्व्हर सांभाळण्यात रायखानने आपल्या उमेदीची वर्षं काढली. तिचा नवरा काइरझान शहराच्या दुसऱ्या टोकाला, इर्तिश नदीच्या काठी, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हेच काम करायचा.

काम एक असलं तरी माणसं दोन तऱ्हेची. काइरझान हाताचा माणूस. यंत्र उघडून आत बोटं घातल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. पंख्याचा आवाज जरा बदलला की हा स्क्रू काढायला बसलाच. रायखानला धुळीने शिंका यायच्या. एका जागी बसून सगळीकडे काय चाललंय ते कळावं, गुंता दिसावा आणि तो सोडवावा, यात तिचा जीव रमायचा.

लग्नानंतर काही वर्षं रोज जेवताना दोघं आपापल्या यंत्रांची रडगाणी गात. हळूहळू तीही आटली. काइरझान यायचा, जेवायचा, टीव्हीवर बॉक्सिंग लावून बसायचा. भांडण असं नव्हतंच, बोलणंच नव्हतं. मुलगी डिल्नाझ अल्माटीला शिकायला गेली आणि घरात आवाज उरला तो फक्त सासूचा. कुल्याश आपा मांसाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून कारखान्यातच होता.

मग वरून हुकूम आला. शहरातल्या सगळ्या खात्यांचे सर्व्हर उचलायचे आणि त्यांचं काम दूरच्या पावलोदार गावातल्या एका मोठ्या केंद्रात न्यायचं. खात्यांचे प्रमुख एसेनगेल्दी आगा यांनी दोघांना एकदमच बोलावलं.

"म्हणजे माझं यंत्र पावलोदारला जाणार?" काइरझानने विचारलं.

"यंत्र भंगारात जाणार. त्याच्यातलं सगळं जसंच्या तसं उचलून तिथल्या एका दांडग्या यंत्राच्या पोटात ठेवायचं. अशी कितीतरी खात्यांची यंत्रं त्या एकाच्या पोटात पाहुण्यासारखी राहतील. गरज पडली तर चालू असतानाच शेजारच्या यंत्रात हलवायची. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही."

"ज्याला हात लावता येत नाही ते यंत्र कसलं, आगा?"

"हात लावायला बायको आहे ना तुला!" आगा मोठ्याने हसले. रायखान शेजारीच बसली होती. ती हसली नाही. मग आगांनी घसा साफ केला आणि खरं ते सांगितलं. सगळं एका पडद्यावरून सांभाळायचं म्हटल्यावर सेमेयमध्ये माणूसही एकच लागणार होतं. "नवरा-बायको आहात. घरी बसून ठरवा. मला मधे घालू नका."

त्या संध्याकाळी जेवायला कुउर्दाक होता. काळीज-कांदा परतल्याचा वास घरभर होता. शेवटी आपांनाच राहवलं नाही.

"यात ठरवायचं काय आहे? पुरुषमाणूस घरी बसला की बाटलीला लागतो. समोरच्या घरातला बघा. सूनबाई घर सांभाळेल."

"आपा, मला हवी आहे ती जागा," रायखान म्हणाली.

इतकं सरळ ती त्या घरात कधी बोलली नव्हती. आपा मुलाकडे वळल्या.

"ऐकलंस का रे, तुझी बायको काय म्हणतेय?"

काइरझान पावाने ताटलीतला रस्सा पुसत होता. "ऐकलं. घेऊ दे तिला. दिवसभर काचेकडे टक लावून बसणं माझ्याच्याने व्हायचं नाही."

हे तो मनापासून म्हणाला की रागाने, ते रायखानला कळलं नाही. विचारायची सवय राहिली नव्हती. आपांनी मात्र किटली तिच्या हातून घेतली आणि तिच्या पेल्यात काठोकाठ चहा ओतला. आमच्याकडे पेला नेहमी अर्धाच भरतात. काठोकाठ मिळतो तो ज्याला उठवायचं असतं त्याला. रायखानने तो उभ्यानेच प्यायला आणि भांडी घासायला गेली.

काइरझानने आठवड्याभरात पावलोदारच्या त्या केंद्रातच काम मिळवलं. तिथे यंत्रांच्या दालनात हिंडून माहिती साठवायच्या तबकड्या, तारा, पंखे बदलणारी माणसं हवीच होती. पंधरवडा तिथे, पंधरवडा घरी. भर उन्हाळ्यातही दालनात थंडी म्हणून तो अंगात जाड बंडी घालून जायचा. आपा शेजारणींना सांगत, "मुलाला घराबाहेर काढलंन."

आणि मग गंमत झाली. सेमेयमध्ये पडद्यावर लाल खूण दिसली की रायखानने लेखी काम पाठवायचं आणि पावलोदारच्या दालनात ज्याची पाळी असेल त्याने ते करायचं. फोन करायला मनाई होती. अर्धा महिना ते काम काइरझानच्याच वाट्याला यायचं.

"चौथ्या फडताळातली खालची तबकडी बदलावी," ती लिहायची.

"बदलली," तो लिहायचा. एकदा त्यापुढे लिहिलं, "आपाचं गुडघ्याचं औषध संपलं असेल. बघ."

दुसऱ्या दिवशी तिने लिहिलं, "औषध आणलं. पंखा अजून अडखळतोय. पाहावे."

"पंखा पाहिला. ठीक आहे. तुला खोकला होता, गेला का?"

केंद्राच्या पर्यवेक्षक झोया अर्काद्येव्हना कडक बाई. त्यांनी काइरझानला दालनाच्या दारातच गाठलं. "हे कामाचं दप्तर आहे, तुमचं प्रेमपत्र नव्हे. खोकला कोणत्या फडताळात बसवला आहे?"

"खोकला सेमेयला आहे," काइरझान म्हणाला.

त्या रागावल्या खऱ्या, पण पुढे अशा ओळी दिसल्या तर न वाचल्यासारखं करू लागल्या. रायखानच्या ध्यानात आलं की गेल्या कितीतरी वर्षांत नवऱ्याने आपल्याला एवढं विचारलं नव्हतं. मात्र पंधरवड्याने तो घरी आला की पुन्हा बॉक्सिंग. समोरासमोर दोघांनाही सुचायचं नाही.

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या उन्हाळ्यात, जुलैमध्ये, पावलोदार तव्यासारखं तापलं होतं. तिथूनही वाहणाऱ्या इर्तिशच्या पात्रात अख्खं गाव डुंबत होतं. दुपारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, रायखानच्या पडद्यावर एक खूण पिवळी झाली. मग शेजारची. मग पुऱ्या ओळीच्या ओळी. दालनाच्या एका बाजूचं थंड हवेचं यंत्र बंद पडलं होतं आणि त्या बाजूची सगळी दांडगी यंत्रं तापत चालली होती. ठरावीक उष्णतेपुढे गेली की ती आपली आपण बंद पडतात आणि पोटातल्या पाहुण्यांना घेऊनच पडतात.

तिने पाहुणे दुसऱ्या बाजूला हलवायला सुरुवात केली. रुग्णवाहिकांचं नियंत्रण आधी, मग प्रसूतिगृह, मग रक्तपेढी. एकेक जण चालता चालता पलीकडे जाऊन बसू लागला. पण पलीकडे जागा थोडी आणि पाहुणे फार. काहींना बंद करावंच लागणार होतं.

तिने मनाई मोडून फोन लावला. काइरझानच्या मागे पंख्यांचा गोंगाट ऐकू येत होता.

"पाणीपुरवठ्याचं बंद केलं तर पंप थांबतील का?"

"नाही थांबणार. हाताने चालवतात. त्यांना आधी फोन कर आणि बंद कर."

"तू स्वतः उभं केलेलं आहे ते."

"मग काय त्याची पूजा करू? कर बंद! इकडे भट्टी झालीय. आम्ही दारं उघडून बाहेरचे पंखे आत लावतोय. मला एक पुरी ओळ हाताने बंद करायची आहे, ठेवतो."

तेवढ्यात एसेनगेल्दी आगा धापा टाकत तिच्या खोलीत आले. "वरच्या कचेरीचा पत्रव्यवहार चालू राहिला पाहिजे. आज तिथे बैठक आहे. बाकी तू बघ."

"आगा, तो चालू ठेवला तर रक्तपेढीला जागा उरत नाही."

"तासाभराचा प्रश्न आहे!"

"रक्त तासाभराने मागवू म्हणून सांगू का त्यांना?"

"रायखान, मी तोंडी सांगत नाहीये, हुकूम देतोय."

"मग लिहून द्या, आगा." तिने पडद्यावरची नजर काढली नाही. आगा कागद शोधत राहिले, आणि तेवढ्यात तिने वरच्या कचेरीचा पत्रव्यवहार बंद केला. आगांना ते दिसलं. ते खुर्चीत बसले आणि रुमालाने मान पुसू लागले.

त्यानंतर तिने काइरझानला एक काम लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही. दुसरं पाठवलं. फोन केला, वाजत राहिला. पडद्यावर दालनातल्या एकूणएक फडताळाची उष्णता दिसत होती. कोणतं यंत्र किती तापलंय, कोणत्या पंख्याची गती किती, सगळं. त्या फडताळांमधल्या वाटेत आपला नवरा उभा आहे की नाही, हे मात्र कुठेच दिसत नव्हतं. तिचे हात काम करत राहिले. रक्तपेढी पलीकडे पोचली. मग झोया अर्काद्येव्हनांचा फोन आला.

"ऐका, घाबरू नका. तो पडला. मागच्या गरम वाटेत. शुद्धीवर आहे, पण डॉक्टर हृदयाचं म्हणतायत. इस्पितळात नेलंय."

"माझं अजून एक हलवायचं राहिलंय," रायखान म्हणाली. ते हलवून झालं. मग तिने पडदा आगांच्या स्वाधीन केला आणि पर्स उचलली.

घरी येऊन तिने सांगितलं तेव्हा आपा ओरडल्या नाहीत. डोक्याला रुमाल बांधला, पिशवीत लोणी आणि कणकेचे तळलेले गोळे, बाउरसाक, भरले आणि टॅक्सीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. "माझा मुलगा आहे. मी येणार."

रस्ताभर दोन्हीकडे सुकलेली गवताळ माळरानं. टॅक्सीवाला गाणी लावायला गेला, आपांनी त्याचा हात बाजूला केला. बऱ्याच वेळाने, मागे न वळता, त्यांनी विचारलं, "तू ती यंत्रं बंद केलीस म्हणे. त्यांना काही होतं का?"

"नाही आपा. नंतर पुन्हा चालू करता येतात. जिथे थांबली तिथून."

"बरं आहे त्यांचं," आपा म्हणाल्या. मग पिशवीतून एक बाउरसाक काढून मागे धरला. "खा. दुपारपासून पोटात काही नसेल."

ऊन उतरायच्या वेळी त्या पोचल्या. काइरझान खाटेवर होता, चेहरा पिठासारखा. आईला बघून त्याने डोळे मिटले, जसा लहानपणी मिटत असेल. मग बायकोकडे पाहिलं.

"रक्तपेढी?"

"पलीकडे नेली."

"पाण्याचं?"

"आगांनी चालू केलं, मघाशी कळवलं. तुझ्या माणसांनी पंप हाताने चालवले."

"मी तुझं शेवटचं काम बघितलंच नाही."

"मी दोन पाठवली होती," रायखान म्हणाली, आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिला तिथे फुटलं. आपा खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी झोया अर्काद्येव्हनांनी तिला दालन दाखवलं. इतकी वर्षं जे पडद्यावर हलवत होती ते तिने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं: काळ्या उंच कपाटांच्या रांगा आणि बारीक हिरवे दिवे. थंडी पुन्हा सुरू झाली होती. तिला वाटलं होतं की काहीतरी वाटेल. तिने मागच्या वाटेत जाऊन काइरझान कुठे पडला ती जागा विचारली, बाईंनी बोट दाखवलं. साधी करडी फरशी होती. तिला शिंका आली आणि ती बाहेर आली.

काइरझान बरा झाला, पण पाळ्यांचं काम डॉक्टरांनी बंद केलं. शरदात त्याला आमच्याच दवाखान्यांतली क्ष-किरण यंत्रं दुरुस्त करायचं काम मिळालं. ती यंत्रं अजून हाताने उघडता येतात, म्हणून खुशीत असतो. रायखानला हुकूम मोडल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली आणि वर्षाची बढती गेली. एसेनगेल्दी आगांनी ताकिदीवर सही केली खरी, पण कागद तिच्या हातात देताना खाली बघत होते. आपा मात्र बाजारात, हमामखान्यात, दिसेल त्याला थांबवून सांगतात की सुनेने साहेबांचं काम बंद पाडून रक्तपेढी चालू ठेवली. गोष्ट दर खेपेला थोडी वाढते. अलीकडे तिच्यात एक मंत्रीही आला आहे.

आता म्हणतात की सेमेयमधली ती एक जागाही पावलोदारला नेणार. रायखानने अजून काही ठरवलेलं नाही. परवा जेवताना बॉक्सिंग चालू असताना काइरझान मध्येच म्हणाला, "नेली तर आपण सगळेच जाऊ. तिथेही क्ष-किरण यंत्रं असतीलच."

"आणि मी?" आपांनी विचारलं.

"तुम्ही पुढच्या सीटवर," रायखान म्हणाली.

"मग टीव्ही बंद करा आणि नीट सांगा," आपा म्हणाल्या. "घर नदीजवळ मिळेल का तिकडे?"