न पाहिलेल्या मशिनींवर माझी सही

सचिवांनी माझ्यापुढं शाईचा पॅड सरकवला.

टेबलाभोवती बाकी सगळ्यांना पेन. कारखानदारांना पेन, प्राचार्यांना पेन, अध्यक्षसाहेबांच्या तर खिशालाच दोन. माझ्यापुढं निळा पॅड, झाकण उघडून. वर "मावशी, डावा अंगठा" असं हळूच. म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळूच.

मी पॅड बाजूला सारला. शेजारच्या प्राचार्यांच्या हातातलं पेन घेतलं, विचारलंसुद्धा नाही. आणि सही ठोकली. अख्खी. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. साक्षरता वर्गात चार महिने गिरवली होती ती. साहेब म्हणाले, "वा!"

मी फुगले. अशी फुगले की बैठक कधी संपली कळलं नाही. सही कशावर केली तेही कळलं नाही. बासष्ट वर्षांची बाई, आणि पहिलीतल्या पोरीगत खूश. आज ती बाई रस्त्यात भेटली तर मी तिच्या पाठीत धपाटा घालीन.

ती बैठक होती जिल्ह्याच्या कौशल्य समितीची. कुठल्या कारखान्याला कसली माणसं लागतात, पोरापोरींना काय शिकवायचं, हे ठरवणारी समिती. तिथं मला का घेतलं? बाई पाहिजे होती, कामगार पाहिजे होता, आणि आमच्यातलं कुणीतरी पाहिजे होतं. तिन्ही रकाने मी एकटीच भरत होते. एका खुर्चीत काम भागलं. फाउंड्रीत मी अठ्ठावीस वर्षं कोअर केले. लोखंड ओततात त्या साच्यात पोकळी राहावी म्हणून वाळूचा गाभा बसवतात, तो कोअर. तो हातानं करायचा. पण त्याबद्दल समितीत मला कुणी एक शब्द विचारला नाही. आणि मीही सांगितला नाही. मी मेंबर झाले होते ना!

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा मी ते फ्रेम करून घेतलं. दोन पानं होती. पहिल्या पानावर माझं नाव आणि गोल शिक्का. दुसऱ्या पानावर नुसतंच बारीक काहीतरी. फ्रेमवाला म्हणाला, "काच हलतीया, मागं कायतरी घालाय पायजे." मी म्हटलं, "घाल की हे दुसरं पान." त्यानं चौपदरी घडी करून घातलं. काच घट्ट बसली. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली टांगली. गल्लीतल्या बाया बघून गेल्या.

मग कागद घरी यायला लागले. शिपाई फाईल घेऊन यायचा, मी चहा टाकायचे, शेजारणीला हाक मारायचे. ती बघायला आली की मगच सही करायचे. रेघ, दोन टिंबं. कागदावर काय लिहिलंय हे तिनं विचारलं नाही आणि मी वाचलं नाही. मला वाचता येत होतं, हळूहळू, बोट ठेवून. पण मेंबरनं बोट ठेवून वाचायचं? शिपायासमोर? लाज वाटायची. कशाची लाज वाटावी तेही कळत नव्हतं त्या शहाणीला.

माझ्या लेकीची लेक शीतल, मुरगूडची. बारावी झाली आणि माझ्याकडं राहायला आली. कागल रस्त्याला समितीनं मंजूर केलेलं केंद्र होतं, तिथं तीन महिन्यांचा वेल्डिंगचा कोर्स लावला. पोरगीला फार हौस. बापानं सांगून ठेवलं होतं, नोकरी लागली तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर लग्न. एवढी एकच वाट होती तिला.

तीन महिन्यांनी सर्टिफिकेट आलं. एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं ट्रायलला बोलावलं. गेली. संध्याकाळी परत आली ती डोळ्यांवर ओढणी घेऊन. डोळे लाल, सुजलेले, पाणी थांबेना. वेल्डिंगच्या ठिणगीकडं उघड्या डोळ्यांनी बघितलं होतं तिनं. तोंडासमोर काच धरायची असते हेच तिला ठाऊक नव्हतं. फोरमननं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "सर्टिफिकेट कुठनं आणलंस? जत्रेतनं?" अख्खा शेड हसला.

मी तिच्या डोळ्यांवर गार पाण्याची पट्टी ठेवली. विचारलं, "आगं, तीन महिनं केलंस तरी काय तिथं?"

"मोबाईलवर व्हिडिओ बघितलं."

"आणि मशीन?"

"एक हुतं. बंद. त्याच्यावर सतरंजी वाळत घालायची."

"मग बोलायचं न्हाईस व्हय? तोंड शिवलं हुतं का तुझं?"

ती उठून बसली. पट्टी काढली. "कसं बोलणार? तिथं भिंतीवर कागद हाय. वीस मशीन चालू हाईत म्हणून. खाली तुझी सही हाय, आज्जी. म्हटलं, आज्जीनं बघितलंय म्हंजे मशीन येतील. म्हणून गप बसलो."

रेघ माझी. दोन टिंबं माझी.

तिनंच फ्रेम उतरवली. मागचे खिळे सुरीनं उचकटले, घडी उलगडली आणि सुजल्या डोळ्यांनी मला दुसरं पान वाचून दाखवलं. समितीच्या जबाबदाऱ्या. जिल्ह्यात कुठल्या कामाला माणसं कमी आहेत ते शोधणे. त्याप्रमाणे प्रशिक्षण ठरवणे. प्रत्येक केंद्राची स्वतः जाऊन पाहणी करणे. शिकून बाहेर पडलेल्यांना काम मिळालं का याचा माग ठेवणे. 'स्वतः जाऊन' हे तिनं दोनदा वाचलं. मुद्दाम.

पुढच्या बैठकीला मी सगळ्यांच्या आधी गेले. टेबलावर वेफर्सच्या बशा मांडलेल्या, आणि बशीखाली एकेक कागद. बैठकीचा वृत्तांत. टाइप करून तयार. बैठक सुरू व्हायची होती अजून. मी खुर्चीत बसले आणि बोट ठेवून वाचायला लागले. लोक आले, बसले, बघायला लागले. बघू देत. 'सर्व सदस्यांनी केंद्राच्या कामाबद्दल समाधान व्यक्त केले व पुढील तुकडीस मंजुरी दिली.'

मी उभी राहिले. "साहेब, मी अजून तोंड उघडलं न्हाय. समाधान कवा व्यक्त केलं?"

सगळे हसले. आजी गमतीदार आहेत म्हणून हसले.

सचिव म्हणाले, "मावशी, हे सगळीकडं असंच असतंय. आधी टाइप करत्यात."

"त्या केंद्रात एक मशीन हाय. बंद. माझ्या नातीचं डोळं गेलं असतं. पुढची तुकडी घालायची न्हाय तिथं. आधी जाऊन बघू या. सगळी."

एक कारखानदार मोबाईलमधनं मान वर न करता म्हणाले, "वाळू मळणाऱ्या बायकांनी आता आम्हाला इंडस्ट्री शिकवायची." साहेबांनी त्यांना दटावलं नाही. माझ्याकडं बघून गोड हसले. "आजी, तुम्ही फक्त सही करा. बाकीचं आम्ही बघतो."

"न्हाय करत."

बास. एवढंच बोलता आलं मला. मोठं भाषण करावं असं मनात होतं, घरून पाठ करून आले होते. आठवेना. मी पिशवी उचलली आणि जिना उतरले. मागं कुणीतरी वेफर्स खात होतं, त्याचा कुरुमकुरुम आवाज तेवढा आला.

पंधरा दिवसांनी वृत्तांत पोस्टानं आला. एक शब्द बदलला नव्हता. समाधान तिथंच, मंजुरी तिथंच. फक्त माझ्या नावापुढं टाइप केलं होतं: अनुपस्थित.

मी तिथं बसलेली. बोललेली. नाही म्हटलेली. आणि मी तिथं नव्हतेच.

अर्ज केले. चार ठिकाणी गेले. 'चौकशी करतो' म्हणाले. पुढची तुकडी त्याच केंद्रात बसली, तीस पोरी. तीसही पोरींना सर्टिफिकेट मिळालं. शीतलचं दिवाळीनंतर लग्न झालं. डोळे बरे झाले तिचे, पण माझ्याकडं ती पहिल्यासारखी बघत नाही. मी तिला दोष देत नाही. माझी मुदत संपली आणि समितीनं माझ्या जागी दुसरी बाई घेतली. बचत गटातली, शाहूवाडीकडची. परवा पेपरात फोटो आला तिचा. गळ्यात हार, हातात पत्र, चेहरा असा फुललेला की मला माझाच राग आला.

तिचा पत्ता मी काढलाय. सोमवारी एसटीनं जाणार आहे. अभिनंदन करायला नव्हे. तिला दुसरं पान काढायला लावणार, माझ्यासमोर मोठ्यानं वाचायला लावणार आणि त्याच दिवशी केंद्रावर घेऊन जाणार. ती आली नाही तर मी एकटी जाईन. आत सोडलं नाही तर फाटकाबाहेर बसेन. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोरीला विचारेन, आज हातात काय धरलंस? ती काय सांगते ते तारीख घालून वहीत लिहीन, बोट ठेवून परत वाचीन, सावकाश. उद्याही, परवाही. ह्या कामाला मला कुणी मेंबर केलेलं नाही, त्यामुळं मला कुणी काढूही शकत नाही.